शेऱ्याचा रकाना

घर भाड्याने देताना माणसं काय काय विचारतात, याचा मला विरारमध्ये भरपूर अनुभव आला होता. नोकरी कुठे, मूळ गाव कोणतं, पाहुणे किती येतात. एका बाईंनी तर माझ्या नवऱ्याच्या घोरण्याचीही चौकशी केली होती. निर्मळच्या वाडीतल्या त्या गृहस्थांनी यातलं काहीही विचारलं नाही. आम्ही दोघं त्यांच्या ओट्यावर बसलो होतो, काकूंनी कोकम सरबत आणून ठेवलं होतं, आणि ते माझ्याकडे बघून म्हणाले, "ओले कपडे कुठे वाळत घालणार?"

मी म्हटलं, "मागच्या गॅलरीत. पुढे रस्त्यावरून दिसतात."

"मागे नाही. पुढेच घालायचे. सगळ्या गावाला दिसले तरी चालतील, पण मागे ओला रुमालसुद्धा नको."

ही एकच अट. करारनाम्यावर त्यांनी ती स्वतःच्या हाताने लिहिली आणि खाली आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या. आम्ही वरचा मजला घेतला, आणि पुढची सहा वर्षं माझ्या साड्या, माझे गाऊन आणि नवऱ्याचे बनियन आगाशीच्या बसमधून जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत वाळत राहिले. त्या मार्गावरच्या कंडक्टरला माझे सगळे गाऊन तोंडपाठ झाले असतील.

अटीचं कारण दुसऱ्याच दिवशी दुपारी कळलं. मागच्या अंगणात, केळी संपतात तिथे, आमच्या गॅलरीच्या समोरच खाली, चार उंच पायांवर एक पांढरी लाकडी पेटी उभी होती. चारी बाजूंना झडपा. मला वाटलं, मधमाश्या पाळत असतील. बरोबर दोन वाजता घरमालक काका घरातून बाहेर आले, पेटीसमोर गुडघे वाकवून उभे राहिले, श्वास धरला, पेटीचं दार उघडलं, आत पाहिलं, दार लावलं आणि मग श्वास सोडला. नंतर वहीत काहीतरी लिहिलं. मला राहवेना. मी वरून विचारलं, "काका, श्वास का धरलात?"

"तोंडाची वाफ लागते पाऱ्याला. ओल्या कपड्यांचंही तेच. आजूबाजूची हवा गार होते आणि पारा खोटं बोलतो." मग म्हणाले, "तो नाही बोलत. आपण त्याला बोलायला लावतो."

काका एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते आणि तिथूनच निवृत्त झाले होते. गाव त्यांना सर म्हणायचं आणि ते प्रत्येकाला न चुकता दुरुस्त करायचे. "मी सर नाही. मी सरांना परीक्षानळ्या धुऊन द्यायचो." शाळेने जुनं सामान काढून टाकलं तेव्हा त्यातली तापमापी आणि पाऊस मोजायचं भांडं त्यांनी मागून घेतलं होतं. तापमापी बर्फाच्या पाण्यात बुडवून खरी आहे की नाही ते पाहिलं, पेटी स्वतः बनवली, आणि तेव्हापासून तीस वर्षांहून जास्त काळ रोज सकाळी सहाला आणि दुपारी दोनला तापमान लिहिलं. नोकरीत होते तोवर दुपारचं काम काकूंकडे असायचं. काकू म्हणायच्या, "यांच्या आईने मला भाकरी थापता येते का ते विचारलं. यांनी विचारलं, गुडघे वाकवता येतात का."

वह्या शाळेच्या लांब वह्या, तपकिरी कव्हर घातलेल्या. पाच रकाने. तारीख, सकाळ, दुपार, पाऊस आणि शेरा. शेऱ्यात काय लिहायचं याचा नियम होता. "आहे ते लिहायचं, पाहिजे ते नाही." ढगाळ, वारा पश्चिमेचा, शेजारी पालापाचोळा जाळला, पेटीला रंग दिला. पेटीवर कावळा बसला असेल तर तेही.

त्यांचा आवडता शब्द मात्र वहीत कधी आला नाही, कारण तो प्रश्न होता. "कशावरून?" कोणी काहीही म्हणालं की काका डोकं किंचित तिरकं करून विचारायचे, कशावरून. त्यात खवचटपणा नसायचा. त्यांना खरंच ते हवं असायचं. भाजीवाली म्हणाली, यंदा उकाडा फार, की कशावरून. शेजारचे म्हणाले, अमक्याच्या मुलाचं डोकं हुशार, की कशावरून. एकदा काकू म्हणाल्या, "चहा गार झाला," आणि यांनी सवयीने विचारलं. काकूंनी त्यांचं बोट धरून कपात बुडवलं.

गावाच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये त्यांना कोणीतरी घेतलं होतं. तिथे रोज सकाळी ढीगभर ज्ञान यायचं. अमुक पानाचा रस प्या, तमुक देशात बर्फ वितळला, तमुक शास्त्रज्ञ म्हणतो ते सगळं थोतांड आहे. काका प्रत्येकाखाली एकच शब्द टाकायचे. आठवड्याभरात त्यांना ग्रुपमधून काढलं. मग कोणाला तरी वाईट वाटलं, परत घेतलं. परत काढलं. तिसऱ्यांदा काढलं तेव्हा काकांनी मला विचारलं, "बाई, मी कोणाला वाईट बोललो का?"

मला ते बाई म्हणायचे, कारण मी विरारच्या एका शाळेत भूगोल शिकवते. माझी त्यांच्यासमोर पहिल्याच महिन्यात फजिती झाली. मी ओट्यावर बसून नववीचे पेपर तपासत होते. त्यात प्रश्न होता, जागतिक तापमानवाढीची मानवनिर्मित कारणे लिहा. काकांनी पेपर हातात घेऊन वाचला आणि विचारलं, "हे मुलांना तुम्ही शिकवलंत?"

"हो."

"माणसामुळे तापमान वाढलं, हे कशावरून?"

मी म्हटलं, "पुस्तकात आहे, काका."

त्यांनी पेपर जागेवर ठेवला आणि उठून गेले. मला इतका राग आला की मी त्या रात्री नवऱ्याला म्हणाले, हा माणूस त्या थोतांडवाल्यांपैकी आहे, आपण दुसरी जागा बघू. नवरा म्हणाला, कशावरून. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

काका कोणत्या बाजूचे आहेत ते मला रविवारी कळलं. रविवारी तांडेल यायचे. पाचूबंदरचे, काकांच्याच वयाचे, सगळा जन्म होडीवर काढलेले. होडी आता मुलगा चालवायचा. ते बसने यायचे, हातात बोंबलांची पिशवी, ती काकूंकडे द्यायची आणि ओट्यावर बसायचं. मग भांडण सुरू. वीस वर्षं दोघं त्याच एका गोष्टीवर भांडत होते, आणि गंमत अशी की तिथे कशावरून विचारायचं काम तांडेलांकडे होतं.

"बंदरात पानी वर येतं ते मला सांगू नको. मी रोज बघतो," तांडेल म्हणायचे. "पन ते मानसानं केलं, हे कशावरून? मानूस केवढा, समुद्र केवढा, आभाळ केवढं."

"तांब्याभर दुधात लिंबाचे किती थेंब लागतात?"

"मग फाटलेलं दूध दाखव."

"हवा आधीपन बदलायची. माझा आजा सांगायचा," हे तांडेलांचं दुसरं अस्त्र. त्यावर काका म्हणायचे, "पूर्वी ताप यायचा तो हिवतापाने. आज तुझा नातू उन्हात खेळून तापला, तर तोही हिवतापच का?" तांडेल म्हणायचे, "नातवाला मधी आनू नको."

काकांना मुद्दा पटला होता. माणसाने जाळलेल्या कोळशातेलाच्या धुराने उष्णता अडकते, हे त्यांनी ग्रंथालयातून पुस्तकं आणून, ते कसं मोजलं, कोणी मोजलं, हे वाचून पटवून घेतलं होतं. फक्त दुसऱ्याने मोजलेलं ते स्वतःचं म्हणून सांगायचे नाहीत. "माझी पेटी सांगते, किती. का, ते तिला ठाऊक नाही." तरी एक गोष्ट त्यांच्या वह्यांत होती आणि ती त्यांनी तांडेलांना पुन्हा पुन्हा सांगितली. ऊनच वाढलं असतं तर दुपार जास्त तापली असती. इथे दुपारपेक्षा पहाट जास्त बदलली होती. रात्री जमिनीची ऊब वर निघून जायची, ती आता जात नाही. "वरून कोणीतरी गोधडी घातलीय."

"गोधडी मान्य," तांडेल म्हणायचे. "शिवली कोनी ते सांग."

मी नववीला तो धडा पुढच्या वर्षी शिकवला तेव्हा दोन तास जास्त घेतले. पोरांना विचारलं, कशावरून.

आमची मुलगी आम्ही तिथे राहायला गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी झाली. मार्च लागला तेव्हा ती दोन महिन्यांची होती. वरच्या मजल्यावर स्लॅब इतका तापायचा की दुपारी फरशीवर पाय ठेववत नसे. मुलीच्या पाठीवर, मानेवर, कानामागे घामोळ्या आल्या. पावडर झाली, वाळ्याचं पाणी झालं, ओल्या फडक्याने पुसणं झालं. ती दिवसभर रडायची आणि तिच्याबरोबर मीही. शेवटी नवऱ्याने एसी घ्यायचं ठरवलं. भिंतीला भोक पाडायचं म्हणजे मालकाची परवानगी हवी, म्हणून मी मुलीला घेऊन खाली गेले.

काका वही आखत होते. मी सांगितलं. ते म्हणाले, "यंत्राने तिला बरं वाटेल?"

"वाटेल."

"कशावरून?"

मला तेव्हा झोप नव्हती, डोकं ठिकाणावर नव्हतं. मी मुलीचं झबलं वर केलं आणि तिची पाठ त्यांच्यासमोर धरली. काकांनी चष्मा लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बसवा."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने विचारलं, बाहेरचं युनिट कुठे लावू, पुढे की मागे. पुढच्या ओट्यावर काकू आणि दोन बायका सकाळपासून दुपारपर्यंत मोगरा आणि सोनचाफा निवडत बसायच्या, तो माल दादरला जायचा. काका अंगणात गेले, भिंतीकडे बघत उभे राहिले, पेटीकडे बघितलं, परत भिंतीकडे. आत येऊन म्हणाले, "पुढे हिची फुलं असतात. गरम वाऱ्याने सुकतील. मागे लावा."

माझ्या डोक्यात काहीही आलं नाही. ओल्या रुमालाची अट मला पाठ होती, पण दुपारी दोन वाजता गरम हवा ओकणारं धूड मी त्या पेटीच्या बरोबर डोक्यावर टांगून घेतलं आणि मुलगी तीन तास सलग झोपली म्हणून देवाला नारळ फोडला. मी भूगोल शिकवते, हे पुन्हा सांगते.

त्यानंतर एक छोटा बदल झाला तो मी पाहिला होता, पण त्याचा अर्थ लावला नाही. काका पेटी उघडण्याआधी मान वर करून क्षणभर थांबायचे, काहीतरी ऐकल्यासारखे. मला वाटलं, वय झालं.

मुलगी तीन वर्षांची झाली त्या सुमाराला आगाशीच्या वाचनालयातली काही तरुण मंडळी काकांकडे आली. त्यांनी जाहीर चर्चा ठरवली होती. हवामान खरंच बदलतंय का, आणि बदलत असेल तर माणसामुळे का. एका बाजूने मुंबईतल्या कॉलेजचे एक प्राध्यापक बोलणार होते, दुसऱ्या बाजूने एक व्यापारी गृहस्थ, ज्यांची या विषयावरची भाषणं फोनवर खूप फिरायची. मुलांना काकांच्या वह्या हव्या होत्या. प्राध्यापक म्हणाले होते, इतक्या वर्षांची एका जागची नोंद असेल तर मी ती कॉलेजात नेऊन अभ्यासाला लावतो.

तीस वर्षांत वह्या मागायला कोणी आलं नव्हतं. काकांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण त्या दिवशी जेवताना त्यांनी काकूंना विचारलं म्हणे, माझा पांढरा सदरा कुठे आहे. चर्चेला अजून महिना होता.

तो महिनाभर आम्ही आलेख काढला. आलेखाच्या कागदाचे ताव एकाला एक डकवून गुंडाळी केली, ती ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. मी वहीतले आकडे वाचायचे, काका टिंबं द्यायचे. सकाळची निळी रेघ, दुपारची लाल. निळी रेघ वर्षावर्षाला खालीवर होत होत हळूहळू चढत गेली होती. लाल रेघ तिच्यापेक्षा सावकाश. आणि मग शेवटच्या तीन वर्षांवर आलो तेव्हा लाल रेघ एकदम टुणकन वर गेली. मी खूश झाले. म्हटलं, "काका, हे बघितल्यावर कोण काय बोलेल? पुरावाच आहे हा."

काकांनी पेन्सिलीला टोक केलं. कशावरून, असं त्यांनी विचारलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

चर्चेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मागे उभं राहायला जागा नव्हती. तांडेल पहिल्या रांगेत, टोपी मांडीवर ठेवून. व्यापारी गृहस्थ आधी बोलले आणि फार छान बोलले. हिमयुग काय मोटारींनी संपलं का, सूर्यावर डाग असतात की नाही, आपल्या आज्याला उकडत नव्हतं का. लोक हसत होते. प्राध्यापक खरं बोलत होते पण पडद्यावरचे तक्ते वाचून, आणि मागच्या लोकांना ऐकू येत नव्हतं. मग मुलांनी काकांना वर बोलावलं. दोघांनी गुंडाळी धरून उलगडली. कागद व्यासपीठाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, आणि शेवटी लाल रेघेची ती उडी दिसली तेव्हा सगळ्या सभागृहातून आवाज आला. टाळ्या सुरू झाल्या. प्राध्यापक उठून उभे राहिले आणि म्हणाले, "हा तुमच्याच गावचा पुरावा. आणखी काय पाहिजे?"

काका हात वर करून उभे होते. टाळ्या थांबल्यावर ते म्हणाले, "दुपारची शेवटची तीन वर्षं धरू नका."

कोणाला कळलं नाही. काकांनी खिशातून पेन्सिल काढली, कागदाजवळ गेले आणि सगळ्यांसमोर त्या उडीवर फुली मारली. "पेटीजवळ गरम हवा सोडणारं यंत्र आलंय. त्यामुळे पारा चढलाय. हा आकडा हवेचा नाही, यंत्राचा आहे."

व्यापारी गृहस्थांना हसू आवरेना. ते माइक ओढून म्हणाले, "म्हणजे आजोबा, तीस वर्षांचा पुरावा एका यंत्राने गेला?" सभागृह हसलं. काका म्हणत होते, "सकाळची रेघ धरा, सकाळी यंत्र बंद असतं," पण त्यांच्या हातात माइक नव्हता. आयोजकांपैकी एक मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "काका, हे इथे सांगायची काय गरज होती? कोण विचारणार होतं?"

"कोणी विचारणार नव्हतं म्हणूनच सांगितलं," काका म्हणाले.

मी चौथ्या रांगेत बसले होते, मुलगी मांडीवर. यंत्र कोणाचं ते काकांनी सांगितलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझे कान तापले होते. या माणसाने ओल्या रुमालासाठी सही घेतली होती, आणि आयुष्यभराच्या कामावर मी तीन वर्षं गरम वारा सोडत होते तर अवाक्षर काढलं नव्हतं. आलेख गुंडाळून ते एकटेच बसथांब्याकडे निघाले. मला त्यांच्याबरोबर जायचा धीर झाला नाही. याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एसी लावला नाही. दोन वाजता काका अंगणात आले, मान वर केली, थांबले. पेटी न उघडता जिन्यापाशी आले. "बाई, आज यंत्र का बंद?"

"तुमच्या पेटीसाठी."

"पोर झोपली?"

"नाही. कुरकुरतेय."

"मग चालू करा. दुपार धरू नका असं काल मी सगळ्यांना सांगून आलोय. जे धरायचंच नाही त्याच्यासाठी पोरीला कशाला उकडवता?"

मी जिना उतरून खाली गेले आणि मला रडू आलं. म्हटलं, "काका, एक शब्द सांगायचा होतात. आम्ही एसी काढला असता."

"म्हणून तर नाही सांगितलं."

"मग पेटी तरी हलवायची."

"जागा बदलली की आधीचं आणि नंतरचं जुळत नाही. मग तीसही वर्षं गेली असती." ते आत गेले आणि वही घेऊन आले. "आणि फुकट काही गेलं नाही. हे बघा."

त्यांनी शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. यंत्र चालू, पोर झोपली. यंत्र चालू, पोर झोपली. यंत्र बंद, वीज नाही, पोर रडते. यंत्र बंद, सगळे गावी. यंत्र चालू, पोरीला खोकला. रोज. तीन वर्षं, एकही दिवस न चुकता. मान वर करून ते हेच ऐकत होते. यंत्र बंद असलेल्या दिवसांची दुपार स्वच्छ होती, ती धरता येत होती. मी पानं उलटत गेले. एका दिवशी लिहिलं होतं, यंत्र चालू, वर पावलं वाजतात, लहान. मुलगी कधी चालायला लागली त्याची तारीख माझ्याकडे नव्हती. शाळा सुरू होती, मी तेव्हा घरात नव्हते, सांभाळणाऱ्या बाईंनी संध्याकाळी सांगितलं होतं आणि पुढे मी दिवस विसरून गेले. ती तारीख काकांकडे होती, सकाळच्या आणि दुपारच्या तापमानासकट.

रविवारी तांडेल आले. मला वाटलं, आता ते काकांना बोलू देणार नाहीत. त्यांनी पिशवी काकूंना दिली आणि म्हणाले, "दुपारचं सोड. सकाळचं दाखव." काकांनी गुंडाळी ओट्यावर उलगडली. तांडेल निळ्या रेघेच्या बाजूने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि तिथेच उभे राहिले.

"माझा बाप होता तवा थंडीत पहाटे बंदरावर शेकोटी लागायची," ते म्हणाले. "आता पोरं बनियनवर जाळी धुतात." मग खाली बसले. "गोधडी मानसानंच शिवली असंल."

काकांनी डोकं तिरकं केलं. "कशावरून?"

"तू सगळ्यांसमोर स्वताला खोटं पाडलंस, त्यावरून. जो स्वताचं लपवत नाय, तो माझ्याशी वीस वर्सं कशाला खोटं बोलंल?"

"हा पुरावा नाही," काका म्हणाले.

"तुझ्यासाठी नसंल," तांडेल म्हणाले आणि काकूंकडे चहा मागितला.

काही महिन्यांनी प्राध्यापक आले, कोणी न बोलावता. दोन दिवस ओट्यावर बसून त्यांनी वह्यांचं पान न् पान फोनवर उतरवून घेतलं. जाताना म्हणाले, "हा शेवटचा रकाना नसता तर मी परत आलो नसतो." काकांनी त्यांना विचारलं, कॉलेजात तापमापी कोणत्या जागी ठेवली आहे, आणि वर काही यंत्र आहे का. प्राध्यापकांना माहीत नव्हतं. बघून कळवतो म्हणाले, आणि त्यांनी खरंच कळवलं.

आम्ही सहाव्या वर्षी जागा सोडली. विरारला फ्लॅट मिळाला, मुलीची शाळा जवळ आली. निघायच्या दिवशी सकाळी मेकॅनिकने युनिट उतरवलं. काका खाली उभे राहून बघत होते. भिंतीवर लोखंडाचे दोन ब्रॅकेट राहिले, ते काढू का, असं त्याने विचारलं. काका म्हणाले, राहू देत. सामानाची गाडी भरली तेव्हा दोन वाजायला आले होते, त्यामुळे त्यांनी आम्हाला नीट निरोपही दिला नाही. मुलीच्या हातात केळ्यांचा फणा दिला आणि अंगणात गेले.

मागच्या महिन्यात मुलीला घेऊन भेटायला गेले होते. काकू फुलं निवडत होत्या. काका वाकलेत आता, गुडघ्यांना त्रास आहे, म्हणून पेटीसमोर एक स्टूल ठेवलंय, त्यावर बसून बघतात. वरचा मजला रिकामाच आहे. काकू म्हणाल्या, भाडेकरू येतात, हे कपड्यांचं विचारतात, माणसं घाबरून जातात.

दोन वाजले. काका अंगणात गेले. ओट्यावर आमच्या वेळची जुनी वही पडली होती. मी उगाच चाळली आणि आम्ही निघालो त्या दिवसाचं पान काढलं. शेऱ्यात होतं, यंत्र काढलं, वर कोणी नाही. दुसऱ्या दिवशी तेच, वर कोणी नाही. आठ दिवस तेच. दुपारचा आकडा जुन्या रेघेवर परत आला होता. काकांनी सभागृहात सांगितलं ते अक्षरशः खरं ठरलं होतं, हवा होता तो पुरावा हातात आला होता. नवव्या दिवशी शेऱ्याच्या रकान्यात तेवढं लिहिलं होतं, पारा मूळ जागी आला. आणि त्याच्यापुढे, रकाना संपल्यावर समासात, बारीक अक्षरात, तीस वर्षांच्या वह्यांत कुठे नाही असं एक वाक्य होतं.

आला नसता तरी चाललं असतं.

काका अंगणातून येत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांना विचारावंसं वाटलं, कशावरून. विचारलं नाही. मुलगी माझ्या शेजारी बसून केळं खात होती, मी वही मिटून जागेवर ठेवली.